जुनी १६१३ धूर चाचणीत नापास : इंजिन खोलण्याआधी काय काय तपासावे?

बेदाणा_तासगाव (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आमची टाटा १६१३ गाडी २००८ सालची आहे. वडिलांनी ती २०१५ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतली आणि तेव्हापासून ती तासगावचा बेदाणा वाशीच्या बाजारात पोहोचवते. परतीला जे भाडे मिळेल ते घेऊन येते. सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन आहे, इंटरकूलर नाही, पंप जुन्या पद्धतीचा इनलाइन आहे आणि इलेक्ट्रॉनिक असे काहीही नाही.

पासिंगला बावीस दिवस उरले आहेत आणि पीयूसी मिळत नाही. पहिल्या केंद्रावर धुराचा आकडा ३.५२ आला, मर्यादा २.४५ ची. यंत्रात दोष असेल म्हणून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर नेली, तिथे ३.४७ आला. मग पंप आणि नोझल उतरवून कामाला दिले. सहाही नोझल नवीन टाकले, पंप कॅलिब्रेट करून घेतला आणि एवढ्या खर्चानंतर आकडा ३.१० वर आला. आता मेस्त्री म्हणतात की हाफ इंजिन (इंजिन खोलून रिंगा, लायनर बदलणे) केल्याशिवाय हा धूर जाणार नाही. त्यांचा अंदाज पाऊण लाखाचा आहे आणि बागेच्या कर्जाचा हप्ता याच महिन्यात भरायचा आहे.

गाडीचे अ‍ॅव्हरेज भरल्या मालावर ४.६ होते, ते वर्षभरात ३.९ वर आले आहे. एअर फिल्टर दिवाळीत बदलला होता. इंजिन खोलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी आणखी काय तपासता येईल, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

घाटमाथा (सोमवार, रात्री १०.०५)

धुराचा रंग कोणता, तो केव्हा येतो, इंजिन ऑइल किती खाते आणि ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून वाफ किती येते, या चार गोष्टी आधी सांगा. त्यांच्याशिवाय कोणीही दिलेला सल्ला अंदाजच ठरेल.

बेदाणा_तासगाव (सोमवार, रात्री १०.२०)

धूर पूर्ण काळा आहे. उभ्या गाडीत रेस दिली की येतो आणि खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये तर आरशात मागचे वाहन दिसत नाही इतका येतो. एका ऑइल बदलापासून दुसऱ्या बदलापर्यंत दोन लिटरच्या आत ऑइल घालावे लागते. ब्रीदरमधून अगदी पातळ वाफ येते. सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि पांढरा धूर येत नाही.

पंपघर_मिरज (मंगळवार, सकाळी ७.१५)

मी सव्वीस वर्षे डिझेल पंपांचे काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुम्ही दिलेली लक्षणे हाफ इंजिनची नाहीत. रिंगा आणि लायनर गेलेले असले तर गाडी सकाळी त्रास देते, ब्रीदरमधून जोराची वाफ येते, ऑइल कमी होत जाते आणि धुरात निळसर झाक दिसते. तुमच्याकडे यांपैकी एकही गोष्ट नाही. काळा धूर म्हणजे पूर्ण न जळलेल्या डिझेलची काजळी. डिझेल गरजेपेक्षा जास्त जाते आहे, हवा कमी पडते आहे, किंवा डिझेल नीट फवारले जात नाही, या तिन्हींपैकी एक किंवा अधिक कारणे तिच्यामागे असतात. तिसरे कारण तुम्ही नवे नोझल टाकून बहुतेक दूर केले आहे आणि ३.५२ वरून ३.१० चा फरक त्यामुळेच पडलेला असावा. आता पहिली दोन उरतात, आणि त्यांतही माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगतो की आधी हवा पाहा, पंपाला हात नंतर लावा.

हवेचा मार्ग फिल्टरच्या तोंडापासून सायलेन्सरच्या शेपटापर्यंत एकेक करून तपासावा. फिल्टरचा कागद बाहेरून स्वच्छ दिसला तरी बेदाण्याच्या आणि द्राक्षाच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीचा फिल्टर दिवाळीपासून आजपर्यंत चांगला राहिला असेल असे मानू नका; तो काढून उजेडासमोर धरा. त्यानंतर फिल्टरपासून टर्बोपर्यंतची आणि टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतची (सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या भागापर्यंतची) नळी पाहा. टर्बोचा पंखा हाताने फिरवून पाहा. त्याच्या शाफ्टला आडवा हलका खेळ असणे स्वाभाविक आहे, पण पंखा घराला घासता कामा नये आणि शाफ्ट पुढेमागे हलता कामा नये. मग एक्झॉस्ट ब्रेकची (धुराची वाट अडवून गाडी हळू करणाऱ्या ब्रेकची) झडप पूर्ण उघडते का ते पाहा. ती अर्धवट अडकलेली असेल, तर इंजिनाला जळालेला धूर बाहेर टाकता येत नाही आणि ताजी हवा आत घेता येत नाही. अशा गाड्यांचे पंप उगाच तीनतीनदा उतरवलेले मी पाहिले आहेत. सायलेन्सर आतून काजळीने भरला असेल तरी हेच होते.

एवढे झाल्यावर टॅपेट (इंजिनाच्या झडपांची फट) सेट करून घ्या आणि पंप परत बसवताना टायमिंग खुणेवर बसवले होते का ते मेस्त्रींना विचारा. शेवटी पंपाच्या डिझेल-मर्यादेच्या स्क्रूवर सील आहे का ते पाहा. पंप तपासणीच्या बाकावर लावून दिलेल्या डिझेलच्या मापाची चिठ्ठी तुम्हाला मिळाली होती का? आणि ते माप पंपाच्या पाटीवरील क्रमांकाच्या तक्त्याप्रमाणे होते का?

रस्ता_माझा (मंगळवार, सकाळी ८.५०)

पंपघर यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून माझा वेगळा अनुभव मांडतो. माझ्या गाडीचा धूरही काळाच होता आणि तीही सकाळी व्यवस्थित सुरू होत असे. मी दोन महिने नळ्या, फिल्टर, टर्बो असे एकेक करत राहिलो, प्रत्येक वेळी थोडा फरक पडायचा आणि चाचणीत गाडी पुन्हा नापास व्हायची. शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) तपासले, तेव्हा दोन सिलिंडर कमी निघाले. हाफ इंजिन केले आणि पहिल्याच चाचणीत गाडी पास झाली. सतरा वर्षांच्या इंजिनाला एकदा खोलावेच लागते. गाडी उभी राहिल्याने बुडणारे भाडेही हिशेबात धरा.

पंपघर_मिरज (मंगळवार, सकाळी ९.१०)

आपले म्हणणे मला मान्य आहे, पण त्यात एक गोष्ट दडलेली आहे. आपण इंजिन खोलले ते कॉम्प्रेशन मोजल्यानंतर. बेदाणा यांच्या गाडीचे कॉम्प्रेशन अद्याप कोणी मोजलेलेच नाही. ते मोजायला अर्धा दिवस पुरतो. मोजून कमी निघाले, तर मी स्वतः त्यांना इंजिन खोलायला सांगेन.

रस्ता_माझा (मंगळवार, सकाळी ९.२५)

हे योग्य आहे. आधी मोजावे.

धूरमापक (मंगळवार, दुपारी १.३०)

मी वाहन तपासणीच्या क्षेत्रात अभियंता म्हणून काम करतो. चाचणीत नेमके काय मोजले जाते हे माहीत असेल तर दोष शोधणे सोपे जाते, म्हणून लिहितो.

डिझेल वाहनाची चाचणी गाडी उभी आणि गिअर न्यूट्रलमध्ये असताना होते. इंजिन गरम असावे लागते; ऑइलचे तापमान निदान ६० अंश सेल्सिअस असणे अपेक्षित आहे. मग पेडल झटकन पूर्ण दाबून इंजिन गव्हर्नरच्या (वेगाला मर्यादा घालणाऱ्या भागाच्या) कमाल वेगापर्यंत नेतात व सोडतात, आणि असे अनेकदा करून प्रत्येक वेळचा सर्वोच्च धूर नोंदवून त्याची सरासरी काढतात. या क्षणी इंजिनावर मालाचा भार नसतो, पण स्वतःचे जड फ्लायव्हील क्षणार्धात फिरवण्याचा भार असतो आणि टर्बो अजून वेगात आलेला नसतो. म्हणजे डिझेल लगेच येते, हवा मागाहून येते. हवेच्या मार्गातील बारीकसा अडथळासुद्धा या चाचणीत ठळक दिसतो, तो याच कारणामुळे.

आता आकड्यांविषयी. ३.५२ हा प्रकाश शोषला जाण्याचा गुणांक आहे. पावतीवर दुसरा आकडा हार्ट्रिज एककात असतो. ४३ सेंटीमीटर लांबीच्या धुराच्या स्तंभातून प्रकाश सोडला आणि शंभरातला ७८ भाग अडला, तर हार्ट्रिज ७८ आणि गुणांक सुमारे ३.५२ येतो. मर्यादेचे २.४५ म्हणजे हार्ट्रिज ६५. हे दोन आकडे एकमेकांच्या सरळ प्रमाणात चालत नाहीत. तुमचे ७८ वरून ७४ झाले असतील आणि ते पाहून काहीच फरक पडला नाही असे वाटेल, पण गुणांकात ती सुमारे १२ टक्क्यांची घट आहे. म्हणून प्रगती मोजताना नेहमी गुणांकच पाहावा.

तुमच्या पावतीवर प्रत्येक झटक्याचा वेगळा आकडा छापलेला असेल, तर तो इथे द्यावा. पहिला आकडा मोठा असून पुढचे उतरत गेले, तर सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी बाहेर पडते आहे असे समजावे. सगळे आकडे जवळजवळ सारखे असतील, तर दोष इंजिनाच्या हवा-डिझेलात आहे. चाचणीपूर्वी गाडी पंधरा-वीस किलोमीटर चांगल्या वेगात चालवून थेट केंद्रावर नेणे हा नियमाला धरून असलेला आणि उपयोगी उपाय आहे.

निपाणीकर (मंगळवार, दुपारी ३.००)

मुदत जवळ आली असेल, तर एवढे सगळे करायला वेळ कुठे आहे? आमच्याकडे लोक पेडल अर्धेच दाबायला सांगतात किंवा चाचणीपुरते पंपाचे डिझेल अगदी कमी करून घेतात आणि पावती मिळाली की पुन्हा वाढवतात. काही ठिकाणी गाडी न नेताही काम होत असे. मी समर्थन करत नाही, पण पोटाचा प्रश्न आहे.

कृष्णाकाठ (मंगळवार, सायंकाळी ६.१०)

मी परिचारिका आहे, गाड्यांतले मला कळत नाही, पण वरचे वाचून राहवले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग करणारा पदार्थ म्हणून पहिल्या गटात टाकला आहे. त्या धुराजवळ सर्वांत जास्त वेळ कोण असते, याचा विचार करावा. गाडी सुरू ठेवून माल उतरवला जातो तेव्हा मागच्या फाळक्यापाशी उभे राहणारे हमाल आणि केबिनमध्ये झोपणारे ड्रायव्हर-क्लीनर यांच्या छातीत तो जातो. आमच्या ओपीडीत खोकला घेऊन येणाऱ्या हमालांना मी रोज पाहते. पावती मिळाल्याने त्यांच्या वाट्याचा धूर कमी होत नाही.

धूरमापक (मंगळवार, सायंकाळी ६.४५)

निपाणीकर, आपली अडचण खरी आहे, परंतु हा मार्ग मालकाच्या हिताचाही नाही. चाचणीच्या नोंदी आता वाहनाच्या छायाचित्रासह केंद्रीय प्रणालीत चढतात. पावती असली तरी रस्त्यावर गाडी थांबवून धूर पुन्हा मोजता येतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बेदाणा यांची गाडी वर्षभर ४.६ ऐवजी ३.९ चे अ‍ॅव्हरेज देते आहे. शंभर किलोमीटरला सुमारे २१.७ लिटर लागत होते, तिथे आता २५.६ लिटर लागते. हे जवळजवळ चार लिटर प्रत्येक शंभर किलोमीटरला धुराच्या रूपाने जात आहेत. दोष सापडला तर दुरुस्तीचा खर्च डिझेलमधूनच वसूल होईल.

निपाणीकर (मंगळवार, रात्री ८.३०)

हिशेब पटला. हमालांविषयी ताईंनी लिहिले तेही पटले. माझ्याकडे २०११ ची गाडी आहे, तिचेही अ‍ॅव्हरेज काढून पाहतो.

बेदाणा_तासगाव (गुरुवार, रात्री ९.१५)

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांत जे झाले ते क्रमाने सांगतो.

पावतीवरचे आकडे ३.०६, ३.१४, ३.०८, ३.१२ असे आहेत, म्हणजे उतरते नाहीत. कॉम्प्रेशन मोजून घेतले. सहाही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत आणि मेस्त्रींनी स्वतः सांगितले की आता हाफ इंजिनचा आग्रह धरणार नाही. एक्झॉस्ट ब्रेकची झडप मोकळी आहे, टर्बोचा पंखा घासत नाही. फिल्टर मात्र उजेडासमोर धरल्यावर निम्म्याहून अधिक काळवंडलेला निघाला, तो बदलला.

त्यानंतर नळ्यांवर आलो. फिल्टरपासून टर्बोकडे जाणारी रबरी नळी बाहेरून अगदी चांगली होती, कुठे चीर नाही, क्लिपा घट्ट आहेत. मेस्त्री पुढच्या कामाला लागले होते. वडील मात्र तिथेच नळीवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी ड्रायव्हरकाकांना रेस द्यायला सांगितले. रेस वाढताच नळी त्यांच्या हाताखाली आत ओढली गेली, चिमटा घ्यावा तशी मधोमध चपटी झाली आणि रेस सोडताच पुन्हा गोल झाली. आम्ही चौघांनी पाचसहा वेळा पाहिले. नळी कापली तेव्हा आतला थर सुटून लोंबत होता आणि तिच्यात तारेचे वेटोळे नव्हतेच. कधीतरी रस्त्यात नळी फाटली असताना कोणीतरी पाण्याची साधी नळी मापात बसली म्हणून लावून दिलेली होती. ती केव्हा लावली हे कोणालाच आठवत नाही.

पंपघर_मिरज (गुरुवार, रात्री ९.५०)

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. बंद गाडीत किंवा आयडलवर पाहून हा दोष सापडत नाही, कारण तेव्हा नळी गोलच असते. टर्बो हवा ओढू लागला की त्या नळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब होतो आणि तो सोसायला आत तार किंवा जाड कापडाचे थर लागतात. पाण्याच्या नळीला आतून बाहेर ढकलणारा दाब सोसण्यासाठी बनवलेले असते, बाहेरून आत येणारा दाब ती सोसू शकत नाही.

नवीन नळी घेताना मूळ भागाप्रमाणे तारेची किंवा साचात बनवलेली जाड नळीच घ्या. बसवण्यापूर्वी जुन्या नळीचे सुटलेले तुकडे टर्बोच्या तोंडाशी अडकलेले नाहीत ना, हे बॅटरी मारून नक्की पाहा. रबराचा तुकडा त्या पंख्यात गेला, तर नळीच्या किमतीत टर्बो जाईल.

घाटमाथा (गुरुवार, रात्री १०.१०)

नळी चपटी होत होती तर मग पंप-नोझलच्या कामाने आकडा मुळात कमी कसा झाला?

पंपघर_मिरज (गुरुवार, रात्री १०.३०)

जुने नोझल टिपकत असतील. फवारा बारीक झाला की आहे त्या हवेत डिझेल अधिक चांगले जळते, म्हणून काही काजळी कमी झाली. पण हवाच अपुरी असेल, तर नवा नोझलही तिथपर्यंतच नेऊ शकतो. एका धुराला दोनतीन कारणे असणे जुन्या गाडीत नेहमीचे आहे.

बेदाणा_तासगाव (शनिवार, दुपारी २.२०)

नवीन नळी १,८५० रुपयांना मिळाली. बसवली, टर्बोचे तोंड तपासले, टॅपेट सेट केले, तासगाव ते मिरज गाडी चालवत नेली आणि गरम इंजिनावर चाचणी केली. आकडा २.६८ आला. ३.१० वरून मोठा फरक आहे, तरी गाडी अजून नापासच आहे. पंपाच्या स्क्रूवर सील नाही. बाकावरच्या मापाची चिठ्ठीही आम्हाला मिळालेली नव्हती. पंप कामाला देताना ड्रायव्हरकाकांनी तिथे "उचल कमी करू नका" असे सांगितले होते, हे त्यांनी काल आपणहून वडिलांना सांगितले.

स्टेअरिंग_तीस_वर्षे (शनिवार, सायंकाळी ५.००)

मी तीस वर्षे भरलेल्या गाड्या चालवतो, म्हणून त्या ड्रायव्हरकाकांच्या बाजूने दोन शब्द लिहितो. घाटात भरलेली गाडी मधेच दमली, मागे रांग लागली, लोक हॉर्न मारू लागले आणि गिअर पडत नसला, की केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या छातीत काय होते ते बाहेरून कळत नाही. बाजारात वेळेत पोहोचलो नाही तर भाव पडतो आणि बोल ड्रायव्हरला लागतो. म्हणून आम्ही पंपवाल्याला डिझेल वाढवायला सांगतो. त्यात गाडीचे वाईट व्हावे अशी कोणाची इच्छा नसते. डिझेल कमी केल्यावर गाडी घाट चढेल का, हे आधी कोणीतरी नीट सांगावे.

धूरमापक (शनिवार, सायंकाळी ७.४०)

आपला प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर ड्रायव्हरला समजेल अशा शब्दांत दिले जात नाही, हा आमच्या क्षेत्राचाच दोष आहे.

डिझेल वाढवले की एका मर्यादेपर्यंत ताकद वाढते, हे खरे. पण सिलिंडरमध्ये आलेली हवा संपली की त्यापुढचे डिझेल फार थोडी ताकद देते आणि उरलेले काजळी होऊन बाहेर पडते. शिवाय उशिरा जळत राहिल्याने पिस्टन, झडपा आणि टर्बो तापतात. १६१३ या नावातले १६ हे साधारण एकूण वजनाचे टन आणि १३ हे १३० अश्वशक्तीचे. त्या वजनाला ती ताकद धरूनच गिअर दिलेले आहेत. या गाडीत नळी चपटी होत असल्याने ताकद हवेअभावी गेली होती, आणि ती भरून काढायला डिझेल वाढवले गेले. आता हवा परत आली आहे. त्यामुळे डिझेल तक्त्याप्रमाणे केल्यावरही गाडी गेल्या वर्षीपेक्षा चांगली ओढेल असा माझा अंदाज आहे. घाटात कदाचित एक गिअर आधी पाडावा लागेल. ड्रायव्हरकाकांना सोबत घेऊन, भरलेली गाडी चढावर चालवून मगच पंपाचा निर्णय पक्का करावा.

पंपघर_मिरज (शनिवार, रात्री ८.१५)

याला जोडून एवढेच सांगतो. पंपाच्या पाटीवरचा पूर्ण क्रमांक लिहून न्या, त्या क्रमांकाच्या तक्त्याप्रमाणे सहाही एलिमेंटचे (एकेका सिलिंडरला डिझेल देणाऱ्या पंपाच्या भागांचे) माप सारखे करून घ्या, चिठ्ठी मागा आणि स्वतःसमोर सील मारून घ्या. काही टर्बो इंजिनांच्या पंपावर टर्बोचा दाब कमी असताना डिझेल आवरणारी एक डबी असते. तुमच्या पंपावर ती असेल, तर मॅनिफोल्डपासून तिच्याकडे येणारी बारीक नळी आणि आतला पडदा शाबूत आहे का ते पाहा. नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

चारशेसात (रविवार, सकाळी १०.३०)

थोडा जोडप्रश्न विचारतो. माझ्या ४०७ ची नोंदणी २०१८ ची आहे आणि केंद्रावर मला मर्यादा १.६२ सांगितली. वर सगळे २.४५ म्हणत आहेत. यात कोण बरोबर?

धूरमापक (रविवार, सकाळी ११.१०)

दोन्ही बरोबर आहेत. भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या डिझेल वाहनांना २.४५, म्हणजे हार्ट्रिज ६५, लागू आहे. स्टेज ४ च्या वाहनांना १.६२, म्हणजे हार्ट्रिज ५०. स्टेज ४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आले, त्यामुळे आपले वाहन त्यात मोडते आणि बेदाणा यांचे २००८ चे मोडत नाही. आपल्या प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची, त्यांच्या सहा महिन्यांची. पावती घेण्यापूर्वी केंद्रचालकाने यंत्रात योग्य स्टेज निवडली आहे का, हे प्रत्येकाने पाहावे. चुकीच्या नोंदीमुळे चांगली गाडी नापास झालेली मी पाहिली आहे.

बेदाणा_तासगाव (पुढील शुक्रवार, रात्री १०.००)

पंप पुन्हा बाकावर लावला. दोन एलिमेंट बाकीच्यांपेक्षा जास्त डिझेल देत होते आणि एकूण मापही तक्त्याच्या वर होते. आमच्या पंपावर ती डबी नाही. माप तक्त्याप्रमाणे करून सील मारले, चिठ्ठी गाडीच्या कागदांत ठेवली.

काल चाचणी झाली. आकडे १.९७, १.९१, १.९५, १.९३, सरासरी १.९४, हार्ट्रिज ५७. प्रमाणपत्र मिळाले. पासिंगची तारीख मंगळवारची आहे. नळी, फिल्टर, टॅपेट, कॉम्प्रेशनची तपासणी आणि पंपाचे दुसऱ्यांदा केलेले काम मिळून ९,४०० रुपये झाले.

स्टेअरिंग यांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. चाचणीनंतर रात्रीच बेदाणा भरून गाडी वाशीला गेली. वाटेतल्या घाटात ड्रायव्हरकाकांनी एक गिअर आधी पाडला, पण त्यानंतर गाडी एकदाही दमली नाही आणि वर पोहोचेपर्यंत तापमानाचा काटा पूर्वीपेक्षा खाली राहिला. अ‍ॅव्हरेज एका फेरीवरून ठरवणार नाही. चार फेऱ्यांनंतर इथे लिहीन.

स्टेअरिंग_तीस_वर्षे (शुक्रवार, रात्री १०.२५)

वाचून बरे वाटले. काकांनी पंपाच्या दुकानातली गोष्ट आपणहून सांगितली याबद्दल त्यांचे कौतुक करा. नोकरीच्या माणसाला ते सोपे नसते.

बेदाणा_तासगाव (पाच आठवड्यांनी, सायंकाळी ७.३०)

पासिंग झाले. चार फेऱ्यांचे अ‍ॅव्हरेज ४.५ आले आहे. कृष्णाकाठ ताईंचे लिहिणे घरी वाचून दाखवले होते, तेव्हापासून माल उतरवताना गाडी बंद करायची असे वडिलांनी ठरवले आहे. कापलेली जुनी नळी त्यांनी शेडच्या दाराला टांगून ठेवली आहे, आणि ड्रायव्हरकाका दर रविवारी क्लीनरला रेस द्यायला सांगून नव्या नळीवर हात ठेवून पाहतात. निपाणीकर, तुमच्या २०११ च्या गाडीचे काय निघाले?

निपाणीकर (पाच आठवड्यांनी, रात्री ९.००)

एक्झॉस्ट ब्रेकची झडप अर्धी अडकलेली होती. सोमवारी मोकळी करून घेतो आणि आकडा इथेच देतो.